टायटॅनियमची माफी

बीड जिल्ह्यातल्या आमच्या तलवाड्यात टायटॅनियम कुणाला माहीत नाही असं समजू नका. मोटारसायकल घसरून मांडीचं हाड मोडलं की दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "पट्टी स्टीलची टाकायची का टायटॅनियमची?" नातेवाईक आधी भाव विचारतात, मग एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, मग स्टीलची पट्टी पडते. त्यामुळे गावात टायटॅनियमचे पाय मोजकेच. त्यांचे मालक आभाळ भरायच्या आधीच पावसाचा अंदाज सांगतात आणि तो हवामान खात्याइतकाच खरा ठरतो.

हाच धातू पुण्या-मुंबईकडे एका निराळ्या दुखण्यावर वापरतात. मिश्रणसुद्धा अनेकदा तेच: नव्वद टक्के टायटॅनियम, सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियम. दुखणं असं की 46 ग्रॅमला जरासा कमी असलेला एक पांढरा चेंडू लाकडी खिळीवर ठेवलेला असतो. तो हलत नाही, पळत नाही, उलट टोलवत नाही. त्याला फक्त सरळ मारायचं असतं. आणि तो उजवीकडे वळून झाडीत जातो. (डावखुऱ्यांचा डावीकडे जातो, झाडी दोन्हीकडे असते.) या रोगाला गोल्फवाले स्लाइस म्हणतात. हौशी गोल्फरांत तो सर्दीइतका पसरलेला आहे, फक्त सर्दीवर अर्धा लाख रुपये कुणी खर्च करत नाही.

स्लाइसवर करतात. त्या पैशांत येतो ड्रायव्हर, म्हणजे पहिला लांबचा फटका मारायची काठी. हिचं डोकं पोकळ टायटॅनियमचं असतं आणि त्यातलं वजन मुद्दाम टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला सरकवलेलं असतं. फटक्याच्या क्षणी काठीचा चेहरा उघडा राहिला की चेंडू वळतो. वजन टाचेकडे असलं की चेहरा थोडा लवकर मिटतो. काही कंपन्या चेहरा मुळातच किंचित मिटलेला ठेवतात, काही दांडा पुढे काढतात. बऱ्याच ड्रायव्हरांच्या मानेशी एक पेच असतो. तो फिरवला की चेहऱ्याचा कोन बदलतो. 2004 साली टेलरमेडच्या आर-सेव्हन क्वाडनं गोल्फरच्या हातात एक किल्ली आणि चार सुटी वजनं दिली, तेव्हापासून हा माणूस सरावाला कमी आणि पेच आवळायला जास्त वेळ देतो.

या ड्रायव्हरचं पुढं काय होतं, ते मला आमच्याच गावच्या एका पोरानं सांगितलं. तो पुण्यात एका साहेबांची गाडी चालवतो. साहेब खेळत असताना त्याला काही काम नसतं, आणि ज्याला काम नसतं त्याच्यासारखा निरीक्षक दुसरा नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे जुन्या ड्रायव्हरच्या दिवसांत साहेबांचा कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा, फटक्याची वाट बघत नसे. साहेबांनी हात वर नेला की तो उजवीकडच्या झाडीच्या दिशेनं चालायला लागायचा. मग नवा ड्रायव्हर आला. पहिल्या रविवारी साहेबांनी मारलं, चेंडू सरळ गेला, आणि कॅडी एकटाच झाडीत उभा. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

चहा लवकरच बंद झाला. कारण साहेब वर्षानुवर्षं डावीकडे तोंड करून उभे राहत होते. चेंडू उजवीकडे जातो, मग आपण डावीकडे नेम धरू, हा तो हिशेब. गंमत अशी की डावीकडे नेम धरला की काठी बाहेरून आत ओढली जाते आणि स्लाइस आणखी वाढतो. म्हणजे रोग्यानं स्वतःच शोधलेलं औषध रोगाला खतपाणी घालत होतं. आता काठीनं स्लाइस अर्धा केला, पण पाय जुन्याच दिशेला. साहेबांचा एखादा फटका खरोखर नीट बसला की चेंडू डावीकडच्या पाण्यात. चुकला की सरळ. चांगलं खेळल्याबद्दल दंड आणि वाईट खेळल्याबद्दल बक्षीस, अशी व्यवस्था मी आजवर फक्त सरकारी बदल्यांत पाहिली होती.

मग साहेबांनी पेच उलटा फिरवला. स्लाइस परत आला. कॅडी परत झाडीत.

या सगळ्यात काठीचा दोष काहीच नाही, हे मी गंभीरपणे सांगतो. पदार्थविज्ञान खरं आहे. ज्याचा चेंडू थोडाच वळतो, त्याचा चेंडू अशा काठीनं गवतात राहतो आणि तो माणूस सुखानं घरी जातो. ज्याचा चाळीस यार्ड वळतो, त्याचा पंचवीस वळेल. झाडी तिथंही आहे. स्वस्तातला उपायसुद्धा आहे: जरा जास्त कोनाची आणि जरा आखूड काठी. कोन वाढला की चेंडूला मागची फिरकी जास्त बसते आणि आडवं वळण कमी होतं. टायगर वुड्सनं 2000 साली जग जिंकलं ते 43.5 इंचाच्या, पोलादी दांड्याच्या ड्रायव्हरनं. दुकानातली काठी आज साधारण पंचेचाळीस इंचांच्या पुढं असते. पण बारा अंशांची आखूड काठी घेऊन क्लबात जायचं म्हणजे बुलेट विकून मोपेड घेण्यासारखं. तेवढी हिंमत स्लाइसवाल्यात नसते.

जाहिरातीत या ड्रायव्हरला 'माफ करणारा' म्हणतात. चेंडू मध्यावर न बसता कडेला बसला तरी डोकं फारसं वळत नाही, चूक पोटात घालतं. आणि ही माफी चक्क मोजतात. अमेरिकेची यूएसजीए आणि स्कॉटलंडची आर अँड ए या दोन संस्थांनी तिला मर्यादा घातली आहे: 5,900 ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर, वर 100 ची सवलत. डोक्याचा आकारही 460 घन सेंटिमीटरच्या पुढं नको. 1991 साली कॅलवेनं बिग बर्था नावाची पोलादी काठी काढली तेव्हा 190 घन सेंटिमीटर म्हणजे अवाढव्य वाटायचे. मर्यादा आली म्हणून कंपन्या थांबल्या असतील तर त्या कंपन्या कसल्या! 2024 मध्ये '10 हजारांची माफी' अशा गर्जना झाल्या. नियम एकाच दिशेला लागू आहे, म्हणून त्यांनी आडवी माफी आणि उभी माफी यांची बेरीज करून दाखवली.

बीड जिल्ह्यातल्या वाचकाला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. आम्हाला कर्जमाफीत 2017 साली दीड लाखाची मर्यादा होती, 2019 साली दोन लाखांची. त्यातही अटी होत्या, निकष होते, याद्या होत्या, अंगठे होते. आकडा भाषणात मोठा आणि खात्यावर लहान कसा करायचा, हे शिकायला गोल्फ कंपन्यांनी मंत्रालयात येऊन जावं. फरक एवढाच की शेतकऱ्याला माफी मिळाली की चार शहाणे लेख लिहितात, यानं शिस्त बिघडते, लोकांना सवय लागते. गोल्फरला माफी विकली की तिला तंत्रज्ञान म्हणतात.

आणि तलवाड्याच्या आसपासच्या वस्त्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळीनंतर ज्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्यांकडे निघतात, त्यांच्याकडेही एक हत्यार असतंच. कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि त्यावर मुकादम उचल देतो. ऊस जमिनीलगत छाटावा लागतो, कारण साखर बुडख्याशी जास्त; वर छाटला तर ओरडा. या हत्याराच्या टाचेत वजन सरकवून कुणी चूक पोटात घातलेली नाही. एक दिवस खाडा झाला की पैसे कापतात. पाळीच्या दुखण्यानं खाडे पडू नयेत म्हणूनही बायांनी गर्भपिशव्या काढून टाकल्या, अशी ओरड 2019 साली झाली तेव्हा सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. समितीच्या पाहणीत या जिल्ह्यातल्या हजारो ऊसतोड मजूर बाया पिशवी काढलेल्या निघाल्या. ग्रॅम-वर्ग सेंटिमीटरमध्ये ही गोष्ट बसत नाही, म्हणून इथंच सोडतो.

परत मैदानावर. काठीवर भागलं नाही म्हणून एकदा चेंडूही सुधारून झाला आहे. 1970च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत पोलारा नावाचा चेंडू निघाला. त्याच्या खळग्यांची मांडणी अशी होती की ठरलेल्या बाजूनं ठेवला तर तो हवेतल्या हवेत आपलं वळण आवरायचा. यूएसजीएनं 1981 साली नियमच केला की चेंडू सगळ्या बाजूंनी सारखा उडाला पाहिजे. चेंडू बाद. मग कोर्टकचेरी झाली आणि तडजोडीत संस्थेला पैसे मोजावे लागले. म्हणजे चेंडूनं चूक सुधारली तर लबाडी, काठीनं 5,900 पर्यंत सुधारली तर खेळ. बांधावरचे वाद मिटवायला आमच्याकडे याहून सोपे नियम आहेत, तरी ते मिटत नाहीत.

काठ्यांचंही सगळं निर्मळ नाही. टायटॅनियमचा चेहरा हजारो फटके खाऊन लवचिक होत जातो आणि एक दिवस चेंडूला नियमापेक्षा जास्त उडवायला लागतो. 2019 च्या ब्रिटिश ओपनआधी झँडर शॉफलेचा ड्रायव्हर चाचणीत नापास झाला. त्याचं म्हणणं, माझाच का तपासला, सगळ्यांचे तपासा. हे वाक्य मी ग्रामसभेत ऐकलं आहे. 2025 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये रोरी मॅकिलरॉयचा ड्रायव्हर नापास झाला आणि स्कॉटी शेफलरचाही. मॅकिलरॉय मागं पडला. शेफलरनं पिशवीतून दुसरा ड्रायव्हर काढला आणि स्पर्धा जिंकून घरी गेला.

काठीशिवाय काय होतं हे बघायला एवढ्या लांबही जायला नको. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, 1927 सालचा. त्याच्या शेजारच्या वस्तीतल्या, कॅडीचं काम करणाऱ्या पोरांनी बांधकामाच्या सळया वाकवल्या, मुठीला पाइपाचे तुकडे लावले आणि प्लॅस्टिकच्या चेंडूनं गल्लीत गोल्फ सुरू केला. गल्लीच्या दोन्ही बाजूंना पत्रे, उघडी दारं, धुणी आणि पाण्याची पिंपं. तिथं स्लाइस मारला तर चेंडू शोधायला कॅडी जात नाही, शेजारीण चेंडू घेऊन येते आणि सोबत बरंच काही बोलते. सळईत पेच नसतो, त्यामुळे पोरांना मनगटच फिरवावं लागलं. भारतीय व्यावसायिक गोल्फरनं इंडियन ओपन पहिल्यांदा जिंकली ती 1991 साली, अली शेरनं. दिल्लीच्या मैदानावर तो आधी दुसऱ्यांच्या पिशव्या उचलत होता. बंगळूरचा मुनियप्पा 2009 साली जिंकला, तोही कॅडीच. मनगट कसं फिरतं हे ज्यानं वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या मागं उभं राहून पाहिलं, त्याला माफी विकत घ्यावी लागली नाही.

साहेबांनी आता पुढच्या सालचं मॉडेल मागवलं आहे म्हणे. जुना ड्रायव्हर निम्म्या किमतीत निघाला आणि ज्यानं घेतला त्याचा चेंडूही उजवीकडेच जातो. गाडीवाल्या पोरानं मला विचारलं, ही काठी नेमकी कुणाची चूक सुधारते? मी म्हटलं, कंपनीच्या ताळेबंदाची.

तरीही ज्यांनी घेतली आहे त्यांनी वापरावी, पैसे गेलेच आहेत. पाय मात्र सरळ ठेवा आणि एक नियम पाठ करा, चार पॉइंट एक: फेरी सुरू झाल्यावर पेच फिरवायचा नाही. फिरवून एक जरी फटका मारलात तर माफी नाही, थेट बाद.