दगडूशेठ जर्सीकर

दगडूशेठांकडे जेवायला जायचं तर घरून दोन घास खाऊन निघावं. जर्सीतल्या जर्नल स्क्वेअरच्या उंच इमारतीतल्या त्या घरात जेवणाचं टेबल आहे, पण ताट ठेवायला जागा नाही. तिथे स्फटिक मांडलेत. ‘दगडूशेठ’ हे नाव अर्थातच मराठी मंडळाने ठेवलेलं. त्यांना ते मनापासून आवडतं. आयटीत केस पिकलेल्या, पोरं कॉलेजात गेलेल्या मराठी पुरुषांत ही दगडवेडी प्रजाती हल्ली वाढते आहे.

स्थळ बघायला आलेल्या मामांसारखी ते दगडाची चौकशी करतात. मूळ गाव कोणतं? चिठ्ठीवर नुसतं ‘इंडिया’ चालत नाही. जळगाव म्हटलं तर, जळगावात कुठली खाण?

पाहुण्याने वरण-भात कालवला की 6.6 कोटी वर्षांपूर्वीपासून सुरुवात होते. लाव्हा वाहिला, निवताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या. मग त्यांत गरम पाणी झिरपलं आणि पाण्यातली सिलिका भिंतींवर थराथराने बसत गेली.

“मोकळी जागा मिळाली तरच टोक येतं, नाहीतर नुसतीच गिचमिड.”

“आमच्या घरासारखी,” वहिनी तूप वाढतात.

क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण, हेही ते तोंडी सांगून थांबत नाहीत. बाल्कनीच्या दारावर त्याची लांबलचक रेघ आहे. घर भाड्याचं आहे.

ध्यानाला बसताना स्फटिक मुठीत धरणाऱ्यांशी त्यांचं जमत नाही. पिवळा सिट्रीन विकणाऱ्यांशी तर उघड वैर. बाजारातला बहुतेक सिट्रीन म्हणजे भट्टीत भाजलेला जांभळा अ‍ॅमेथिस्ट, हे खरंच आहे. पण ते गिऱ्हाइकाने पैसे दिल्यावर भर दुकानात ओरडून सांगायचं नसतं.

गंमत म्हणजे ते राहतात तो बर्गन हिलच जमिनीखाली थिजलेला शिलारस, 20 कोटी वर्षांपूर्वीचा. 1861 मध्ये पुरा झालेला रेल्वेचा बोगदा आणि 1910 पर्यंत फोडलेला बर्गन आर्चेसचा खंदक, दोन्हींतून डॅटोलाइट, अपोफिलाइट, स्टिल्बाइट निघाले आणि संग्रहालयांत जाऊन बसले. अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट तर आपल्या पुण्या-जळगावकडचेच! हे कळल्यापासून कुठे पायाचं खोदकाम दिसलं की दगडूशेठ कुंपणाला नाक लावून उभे. ऑफिसची पाथ ट्रेन सुटते.

भारतात गेले तरी तेच. नाशिकला सासुरवाडीत चहापुरते टेकतात, दिवस सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात. येताना दोन्ही बॅगांत दगड. भाजणी आणि कुरडया वहिनींच्या मांडीवर.

परवा एडिसनच्या प्रदर्शनातून त्यांनी जळगावचाच एक गुच्छ आणला, डॉलर मोजून. रात्री वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. म्हाताऱ्याने चष्मा पुसून बराच वेळ निरखला.

“आरं, हे तर विहीर खोदताना निघालेलं. बांधावर ट्रॉलीभर पडलंय. काय भाव चाललाय तिकडं?”