दरखास्त नव्या कॅमेऱ्याची

ज्या परभणीकर सद्गृहस्थांच्या २४ मेगापिक्सेलांच्या कॅमेऱ्यातून चारठाण्याची प्राचीन मंदिरे, तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसातील पाळणे आणि गोतावळ्यातील यच्चयावत बारशी आजवर निर्वेधपणे निघाली, त्यांना अलीकडे असा साक्षात्कार झाला आहे की, २०२० साली आलेला, ४५ मेगापिक्सेलांचा आणि सेकंदाला २० चित्रे टिपणारा कॅनन आर५ घरी आल्यावाचून त्यांच्या प्रतिभेची मुक्तता संभवत नाही. वेगाची निकड मीही मान्य करतो. चारठाण्याचा दगडी स्तंभ शतकानुशतके जागचा हलला नसला, तरी गाफील राहणे बरे नव्हे. त्यांचे छायाचित्रणाचे दुकान चालते ते मात्र अर्जावर डकवायच्या फोटोंवर; ३५ बाय ४५ मिलिमीटरचा तो तुकडा ३०० डीपीआयने छापावयास पाव मेगापिक्सेलही लागत नाही, आणि वर कचेरीचा गोल शिक्का नेमका नाकावर बसतो. ही आकडेवारी सादर होताच त्यांनी ती अदबीने दप्तरी दाखल करून घेतली, हप्त्यांची तजवीज सोयाबीनच्या भावावर सोपवली, आणि जुनी भिंगे नव्या यंत्रास अडॅप्टरावाचून बसत नाहीत, या सबबीवर नव्या भिंगांचीही पुरवणी दरखास्त गृहखात्याकडे, म्हणजे वहिनींकडे, रवाना केली.