गुहा बघायला गेलो होतो

शेजारचे काका अंदमानला जाऊन आले. पहिल्याच संध्याकाळी सेल्युलर जेलमधला ध्वनिप्रकाश कार्यक्रम पाहिला, सावरकरांची कोठडी पाहिली, कोलू पाहिला. डोळ्यांत पाणी आलं म्हणाले. माणसांना डांबून त्यांचा तमाशा करणाऱ्या इंग्रजांना त्यांनी पोटभर शिव्या घातल्या आणि लवकर झोपले. पहाटे साडेतीनला जारवा आदिवासींच्या जंगलातून जाणारी बस होती ना!

कार्यक्रमपत्रिकेत या दिवसाचं नाव असतं ‘बाराटांग : चुनखडीच्या गुहा’. अजिंठा-वेरूळ ज्याने शाळेच्या सहलीनंतर पुन्हा पाहिलेलं नाही, असा मराठी माणूस चुनखडीसाठी रात्रीची झोप मोडतो, जिरकटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यात ताटकळतो. परतल्यावर मात्र गुहांबद्दल कुणी अवाक्षर विचारत नाही. ‘दिसले का?’ एवढंच. ताडोबाहून आलेल्यालाही हेच विचारतात. फक्त तिथे आपण वाघासाठी गेलो होतो, हे उघड कबूल करतो.

दिसले. ड्रायव्हर पुटपुटला, ‘लेफ्ट में’, आणि अख्खी बस डावीकडे कलली. उजवीकडच्या काकू काकांच्या मांडीवरून खिडकीपर्यंत पोचल्या. कमरेला लाल धागे बांधलेला एक पोरगा रस्त्याच्या कडेला उभा होता. ‘गाडी थांबवली नाही हं,’ काका बजावून सांगतात, ‘नुसती जरा हळू केली. फोटोही नाही. नियम म्हणजे नियम.’

नियमांना इतिहास आहे. हे जारवा मोजून काहीशे. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बाहेरच्यांना बाणाच्या टोकावर ठेवत. तेव्हा आपण त्यांना हिंस्र म्हणायचो. आता रस्त्यावर येतात, तर मागतात म्हणतो. बाहेर येऊ लागले आणि 1999मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. 2002मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातला रस्ता बंद करायला सांगितलं. रस्ता चालूच राहिला; पाट्या तेवढ्या लागल्या : थांबू नका, फोटो काढू नका, खायला देऊ नका. 2012मध्ये खाण्याचं आमिष दाखवून जारवा बायकांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली. पुढच्या वर्षी न्यायालयाने पर्यटकांची वाहतूक रोखली, काही आठवड्यांनी ती पुन्हा सुरूही झाली. मध्य अंदमानच्या रहिवाशांना दवाखान्याला, बाजाराला हा रस्ता लागतो, हे खरंच. पण ते काही कॅमेरा चार्ज करून निघत नाहीत.

‘सर्व्हायव्हल इंटरनॅशनल’ ही संस्था याला मानवी सफारी म्हणते आणि या रस्त्यावर बहिष्कार घाला म्हणून मोहीम चालवते. काकांना ते झोंबलं. ‘लंडनच्या लोकांनी आम्हाला शिकवायचं?’ आदल्या दिवशीच्या जेलचा राग अजून ओसरला नव्हता बहुधा. शिवाय जारवांना त्रास झाला असता, तर त्यांनी सांगितलं नसतं का, असाही त्यांचा बिनतोड सवाल आहे. बस थांबवायची नाही, त्यामुळे कुणी काही सांगितलंच तर ते ऐकणार कोण, हा तपशील वेगळा.

आमच्या घरीही यंदा अंदमानचं घाटतंय. म्हणून एका सहल कंपनीला फोन करून विचारलं, बाराटांग वगळता येईल का? बाई फार अदबीने बोलल्या. ‘येईल ना सर. तुम्ही हॉटेलवर आराम करा. पैसे परत मिळणार नाहीत. आणि पॅक्ड ब्रेकफास्ट तेवढा साडेतीनला खाली येऊन घेऊन जा.’