अंगठा लागत नाही

एफबीआयने माझी बोटं परत पाठवली. दहाच्या दहा.

चहाच्या वेळी मी ही बातमी घरात फोडली तेव्हा निदान थोडी हळहळ व्हावी एवढीच माझी माफक अपेक्षा होती. ही म्हणाली, "बोटं झिजायला तुम्ही भांडी कधी घासलीत?" चिरंजीवांनी लॅपटॉपवरून मान न उचलता सांगितलं, "बाबा, तुम्हाला नाही नाकारलं, ठशांना नाकारलंय. क्वालिटी लो आहे म्हणतात." चौतीस वर्षं बँकेत काढून शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाची क्वालिटी लो! तीही कुठल्या झोनल ऑफिसनं नव्हे, थेट एफबीआयनं ठरवलेली.

झालं होतं ते असं. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत आम्ही मुलाकडे राहतो, तिथे शेजारच्या जोडप्याकडे दोन फॉस्टर मुलं आहेत. म्हणजे कोर्टानं आईबापांपासून तात्पुरती काढून घेतलेली, सरकारच्या ताब्यातली, पण वाढणारी कुणाच्या तरी घरात. हे दोघं नवराबायको कित्येक महिन्यांत बाहेर जेवायला गेलेले नाहीत, असं त्या बाई एकदा कुंपणापाशी बोलून गेल्या. मी लगेच छाती पुढे काढली. "तुम्ही जा. मी बसतो मुलांपाशी." त्या हसल्या आणि म्हणाल्या, त्यासाठी तुम्हाला सर्टिफाय व्हावं लागेल. आमच्या एजन्सीचा नियम आहे.

दोन तास मुलांपाशी बसायला सर्टिफिकेट! आमच्या वाड्यात शेजारीण दूध आणायला जाताना पोर आमच्या मांडीवर टाकून जायची आणि दुपारी आठवण झाली की घेऊन जायची. हे मी घरी जरा तावातावानं सांगितलं आणि वर, "एक मुलगा इंजिनिअर करून दाखवलाय मी," असंही म्हणालो. ही शांतपणे म्हणाली, "कुणी करून दाखवलाय?" त्या प्रश्नाचं उत्तर देण्यापेक्षा अर्ज भरणं सोपं होतं.

सर्टिफिकेटसाठी लागणारा सीपीआरचा वर्ग लवकर उरकतो, कारण तिथे माझी फारशी शोभा झाली नाही असं मला लिहायचं आहे. रबरी पुतळ्याची छाती मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायची, दोन इंच खोल, तीस दाब झाले की दोन श्वास. ताल चुकू नये म्हणून बी जीज मंडळींचं 1977 सालचं 'स्टेइंग अलाइव्ह' मनात म्हणायचं, असं शिकवतात. मला ते येत नाही म्हणून मी गणपतीची आरती धरली. पण आमच्या घराण्याची आरती पहिल्या कडव्याला साठवर असते आणि खिरापतीचा डबा उघडला की दोनशेवर जाते. पुतळ्याला दोन्ही सोसलं नाही. दाबणं जमल्यावर मला जमिनीवरून उठवायला दोन जण लागले. त्यांना आयतं प्रात्यक्षिक मिळालं.

आता बोटांकडे येतो. इथे मी विषय सोडून बरंच बोलणार आहे. घरात हे कुणी पुरतं ऐकून घेत नाही, तेव्हा वाचकांवर भिस्त.

ठसे घेणारी मुलगी विशीबाविशीची होती. काचेवर माझं एकेक बोट ठेवून ती लोळवायला लागली, की मी मदत म्हणून स्वतःच बोट दाबायचो. ती म्हणायची, "हात सैल सोडा, सर. माझं काम मला करू द्या." आता हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना म्हणत आलो आहे! कराडच्या शाखेत पैसे काढायला आलेल्या अंगठेवाल्या खातेदाराचा हात धरून, अंगठा पॅडवर टेकवून, स्लिपवर एकदाच, न घसटता उमटवायचा, शेजारी 'निशाणी डावा अंगठा' लिहायचं आणि खाली आपली सही ठोकायची, यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. खातेदार नेमका जोर लावतो आणि ठशाचा डाग होतो. "सैल सोड की रे, शेत लिहून घेत नाही तुझं," असं मी म्हणायचो आणि सगळी रांग हसायची. तेव्हा मला मी फार विनोदी वाटायचो.

तर मी त्या मुलीला म्हटलं, "ही विद्या आमच्याकडची आहे, माहितेय का?" तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. 1858 साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला. हा गडी उद्या 'सही माझी नाहीच' म्हणाला तर, या धास्तीनं साहेबानं कराराच्या पाठीवर त्याचा अख्खा पंजा शाईत बुडवून उमटवून घेतला. विश्वास नाही म्हणून हात घेतला, एवढंच. पुढे 1897 साली कोलकात्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली, जगातल्या पहिल्यांपैकी एक. ठशांचे ढीग साचले तर त्यातून हवा तो कागद काढायचा कसा, याचं गणित बसवलं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांनी. आणि पद्धतीला नाव कुणाचं पडलं? त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं! ज्यानं बँकेत एकदा तरी वार्षिक अहवाल लिहून दिला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. हेन्री 1901 साली ती पद्धत घेऊन स्कॉटलंड यार्डात गेले, आणि 1924 साली एफबीआयनं आपला ठसेविभाग उघडला तेव्हा तिथली कार्डंही हेन्री पद्धतीनंच लावली गेली.

"म्हणजे ज्या एफबीआयकडे तू माझी बोटं पाठवते आहेस ना," मी समारोपाला आलो, "तिला बोटं वाचायला आम्ही शिकवलं." माझा आणि हेमचंद्र बोसांचा काय संबंध, असं तिनं विचारलं नाही, हा तिचा चांगुलपणा. ती म्हणाली, "सर, तुमचा अंगठा लागत नाहीये."

वय झालं की कातडी कोरडी पडते, रेषा पुसट होतात. नोटा मोजून मोजून माझ्या जरा जास्तच झाल्या असाव्यात. हिनं खोबरेल तेल लावून पाठवलं तर काचेवर नुसता तवंग आला. दुसऱ्यांदाही ठसे परत आले. ज्यानं हजारो अंगठे खरे म्हणून सह्या केल्या, त्याचा अंगठा खोटासुद्धा ठरत नव्हता. नव्हताच.

माझ्या निवृत्तीच्या आधी वर्षभर शाखेत आधारचं यंत्र आलं होतं. एक म्हातारी निराधारचे पैसे काढायला यायची. जन्मभर भांगलण करून तिच्या अंगठ्याची पाटी कोरी झालेली. पदराला बोट पुसायची, पुन्हा लावायची, पुन्हा पुसायची. "आजी, उद्या या." ती तीन दिवस लागोपाठ आली. चौथ्या दिवशी आली नाही, त्यानंतरही नाही, आणि मी चौकशी केली नाही. मार्चअखेर होती.

मला मात्र कुणी उद्या या म्हटलं नाही. दोनदा ठसे नापास झाले की एफबीआयकडून नावावरून तपासणी करवता येते. माझ्या नावावर जगात कुठेही गुन्हा नाही असं निघालं, आणि खरं सांगायचं तर किंचित निराशाच झाली.

प्रशिक्षणाला मी पहिल्या बाकावर बसलो, जुनी खोड. मुलांना मारायचं नाही, इथवर मी मान डोलावली. चिमटा नाही, कान धरायचा नाही, उपाशी ठेवायचं नाही, चिडवून रडवायचं नाही. माझा सगळा अभ्यासक्रमच रद्द होत चालला होता. आणि 'नीट वागला नाहीस तर तुला इथून पाठवून देतील' असं कधीही, गमतीतसुद्धा, म्हणायचं नाही. इथे माझं पेन थांबलं. आमच्याकडे पोरानं दूध सांडलं तरी "बोहारणीला देऊन टाकीन" म्हणतात. तुला बोहारणीकडूनच घेतलंय, दोन जुन्या साड्या देऊन, हे ऐकत आमच्या पिढ्या वाढल्या आणि हसत वाढल्या. हसता आलं, कारण बोहारीण खरंच आली की आई फक्त साड्याच काढायची. इथल्या मुलांच्या दारात बोहारीण येऊन गेलेली असते. कुणाच्या दोनदा, कुणाच्या चारदा.

शेवटचा कागद प्रश्नांचा होता. इंग्रजी टायपिंगला चिरंजीव बसले. 'तुम्ही स्वतःच्या मुलांना शिस्त कशी लावली?'

"प्रेमानं," मी म्हणालो.

त्यानं टाइप केलं नाही. "एवढंच लिहू, बाबा?"

"आणखी काय?"

थोड्या वेळानं तो म्हणाला, "कंपासपेटी."

वर्षातली तिसरी कंपासपेटी. तो चौथीत होता. माझ्या कॅशमध्ये त्या दिवशी नव्वद रुपये कमी आले होते, हे त्याला कुठून माहीत असणार? ही तेव्हा स्वयंपाकघरातून धावत आली होती आणि म्हणाली होती, अहो, पाच बोटं उमटलीत पोराच्या गालावर. एफबीआयच्या काचेला दोनदा सापडली नाहीत ती.

"लिही," मी म्हणालो. त्यानं बराच वेळ लिहिलं. काय लिहिलं ते वाचून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. कागद मंजूर झाला.

सर्टिफिकेटचा फोटो मी कराडच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. पहिली प्रतिक्रिया आली, "अभिनंदन! पगार किती?" दुसरी, "मुलांचेही फोटो टाक." ते टाकता येत नाहीत म्हटल्यावर ग्रुपचा रस संपला आणि गुड मॉर्निंगची फुलं पुन्हा सुरू झाली.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी शेजारचं जोडपं अखेर जेवायला बाहेर पडलं. धाकटी लगेच झोपली. सहा वर्षांचा थोरला माझ्यासमोर बसून मला न्याहाळत होता. मग त्यानं विचारलं, "तुझं बॅकग्राउंड चेक झालंय?" सहाव्या वर्षी मला 'बॅकग्राउंड' तर राहोच, 'चेक'सुद्धा माहीत नव्हता.

"झालंय," मी म्हणालो. "पण बोटं उमटली नाहीत."

"दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. त्यानं ते पालथे केले, उलथे केले, आणि कागद आणून माझा डावा पंजा त्यावर ठेवला. थँक्सगिव्हिंग जवळ आलं होतं, शाळेत हाताची टर्की काढायला शिकवलेली. चार बोटं म्हणजे पिसारा, अंगठा म्हणजे मुंडकं. तपकिरी खडू माझ्या बोटांच्या कडेनं फिरवायला लागला तसा मी सवयीनं हात दाबून धरला.

"असं नको," तो म्हणाला. "सैल सोड."

मी सोडला. खडू करंगळीपासून निघून एकेक बोट चढत उतरत अंगठ्याला वळसा घालून मनगटाशी आला. माझा हात त्यानं उचलून बाजूला ठेवला, वस्तू ठेवावी तसा, आणि अंगठ्याच्या टोकाशी एक डोळा काढला.