पांढरा चिखल

प्रत्येक गावात एक गाडीमामा असतो. तो मेकॅनिक नसतो. पण कुणाचीही गाडी बंद पडली की मालकाच्या आधी हाच बोनेटात डोकं घालतो. मुदखेडच्या गाडीमामांकडं एकेकाळी पांढरी असलेली ओम्नी आहे. तिच्यातून त्यांचा गुलाब आणि काकडा नांदेडच्या फूलबाजारात जातो. कंपनीनं 2019 मध्ये ओम्नी बंद केली, तेव्हा मामा दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत.

त्यांच्या भाच्यानं मिशिगनमध्ये ऐन ऑगस्टात मस्टँग घेतली. घरच्यांनी फोटोला हळदीकुंकू वाहायचंच बाकी ठेवलं. मामांनी एवढंच विचारलं, "कोणतं चाक ओढतंय?"

"मागचं, मामा."

"मग दिवाळीनंतर रडशील, लेका."

पहिला बर्फ पडला आणि भाच्यानं व्हिडिओ कॉल लावला. तिकडं सकाळचे सात, इकडं संध्याकाळचे साडेपाच. गाडी सिग्नलवरून निघताना मागून नाचते म्हणे. मामांनी बर्फ फक्त रसवंतीत पाहिलेला. पण काळ्या रानात ज्यानं भर आषाढात गाडी घातली, त्याला घसरण्याची कसली नवलाई? आपली माती उन्हाळ्यात भेगाळते, पाणी लागलं की फुगते आणि टायरला लोण्यासारखी चिकटते.

"बर्फ म्हंजे पांढरा चिखल," मामांनी निकाल दिला. "इंजिन पुढं, ओढणारं चाक मागं. मागं वजनच नाही तर चाक जागीच फिरणार. डिक्कीत वाळू टाक. अ‍ॅक्सिलेटर अंड्यावर पाय दिल्यासारखा दाब. मागचा भाग उजवीकडं पळाला तर स्टेरिंगही उजवीकडंच. उधळलेल्या बैलासंगं चार पावलं पळावंच लागतंय. अन् ब्रेकवर नाचू नको."

यात चूक काढायला जागा नाही, हेच मामांचं दुखणं. निम्मं गाव त्यांना हसतं, कारण ते बरोबर असतात आणि तसं सांगतातही. भाच्यानं हळूच सांगितलं, की तिथल्या दुकानांत हिवाळ्यात वाळूच्या 27 किलोच्या पिशव्या खास याचसाठी विकायला असतात. मामांचा चेहरा पडला.

"आपलीच आयडिया चोरली."

"आणि मामा, हिवाळी टायर लागतात. 7 अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होतं."

हे मामांना नवं होतं. मुदखेडात तेवढी थंडी पडली तर ते कानटोपी घालून अंथरुणातच असतात, टायरचं कोण बघतो? तरी ते म्हणाले, "मला माहीतच होतं. तुझी परीक्षा घेतली."

तेवढ्यात पडद्यावर मामांच्या मागचं आभाळ तिरपं झालं. बांधाची कड दिसली, गुलाबाला सोडलेलं पाणी दिसलं आणि पाण्यातून वाटेवर चढणारा ट्रॅक्टर.

"मामा, ट्रॅक्टर कशाला आलाय?"

"चहाला."

"साखळी घेऊन?"

मामा थोडं थांबले. "रानातून फुलं भरून निघालतो, बाबा."

"मागं वजन नव्हतं का?"

"गाडी भरलेली हाय की! पण फुलायला कुठं वजन असतंय?"