बुडबुडा मध्यावर आला का?

बबलकाका तुमच्याकडेही येऊन गेले असतील. नाव वेगळं असेल, न्यू जर्सीतल्या एडिसनऐवजी तुम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहत असाल, पण माणूस तोच. तुम्ही मुलांसाठी बॅकयार्डात बसवायचा लाकडी प्लेसेट मागवता. दोन झोके, एक घसरगुंडी, चढायला शिडी, वर छपराचा मनोरा. मराठी मंडळात कुणाला पत्ता लागू देत नाही. ट्रकवाला लांबलचक खोकी ड्राइव्हवेवर टाकून निघून जातो आणि संध्याकाळी हे गृहस्थ दारात उभे. कमरेला टेप आणि पँटच्या मांडीवरच्या खिशात नऊ इंची लेव्हल. गवंड्यांची पाणसळ असते तीच, फक्त प्लास्टिकची, आणि काचेच्या नळीत सरकणारा तो बुडबुडा.

"वहिनी, चहा नंतर. आधी जमीन बघू."

मंडळाच्या यादीत त्यांचं छापील नाव आहे, पण पोरांनी ठेवलेलं 'बबलकाका' इतकं पक्कं झालंय की गेल्या गणपतीत पावतीही त्याच नावाने फाडली गेली. त्यांनी पावती तपासली नाही. पावतीबुक ज्या टेबलावर होतं, ते तपासलं.

आता जमिनीचं. आमच्या बॅकयार्डाला उतार आहे, आणि तो असायलाच हवा. घराच्या पायात पाणी मुरू नये म्हणून इथल्या बांधकामाच्या नियमातच लिहिलंय की पायापासून पहिल्या 10 फुटांत जमीन 6 इंच उतरली पाहिजे. म्हणजे कायद्याला उतार हवा आणि काकांना बुडबुडा मध्यावर हवा. या भांडणात आमचं लॉन गेलं. वरच्या अंगाचे पाय जमिनीत गाडायचे ठरलं, आणि खणायचं म्हणजे आधी 811 ला फोन. हे बरोबरच आहे, इथे फावडं मारण्यापूर्वी तो फोन करायचाच असतो. मग माणसं येऊन जमिनीवर रंग मारून गेली: गॅसला पिवळा, विजेला लाल, पाण्याला निळा, टेलिफोन-केबलला नारिंगी. दोन दिवस आमच्या परसात रंगपंचमी झाल्यासारखं वाटत होतं. काका त्या रेघांकडे समाधानाने बघत होते आणि नवरा हिरवळीकडे.

काकांची नोकरी एका विमा कंपनीत, डेटाबेसची. दिवसभर जे काही हलवतात ते पडद्यावर. त्यामुळे खरंखुरं लाकूड दिसलं की त्यांच्या अंगात येतं. खोकी उघडली की पहिली मागणी इडलीपात्राची. का, तर प्रत्येक खळग्यात एकेक जातीचा नट, बोल्ट, वायसर वेगळा ठेवायचा. लॅग स्क्रू डोशाच्या तव्यावर. त्या शनिवार-रविवारी आमच्याकडे पिझ्झा आला, आणि पुढच्या इडल्यांना बरेच दिवस मशीन ऑइलचा हलकासा वास येत होता. नवरा म्हणाला, मेदूवडा कर.

सोबतच्या पुस्तकात 'दोन माणसं, अमुक तास' असं लिहिलेलं असतं. ती दोन माणसं कोण, हे अजून कुणाला कळलेलं नाही. आमच्याकडे काका वाचायला आणि नवरा उचलायला. काका वाचताना मध्येच थांबतात आणि माहिती देतात. मोठी तुळई नवऱ्याच्या खांद्यावर असतानाच नेमकी माहिती आठवते.

"टू बाय फोर म्हणतात ना, ते टू बाय फोर नसतंच. मोजून बघ. दीड बाय साडेतीन."

"काका, ही खाली ठेवू का?"

"ठेव. पण लेव्हलमध्ये."

बाकी त्यांची माहिती पक्की असते, हाच तर त्रास आहे. चुकीचं बोलणाऱ्या माणसाला घालवून देता येतं. मनोऱ्याच्या कठड्यातली फट साडेतीन इंचांहून कमी किंवा नऊ इंचांहून जास्त हवी, मधली चालत नाही, कारण त्यातून पोराचं अंग जातं आणि डोकं अडकतं. हे अमेरिकन सरकारच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचं सांगणं आहे. ते पटवून द्यायला काकांनी स्वयंपाकघरातून सोललेला नारळ मागवला. प्रत्येक फटीत तो घालून पाहिला. एका कोपऱ्यात नारळ अडकला. नवऱ्याने तो हातोडीने काढला, फुटला, पाणी सांडलं, आणि माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर पुण्याहून म्हणाल्या, "चांगलं झालं गं, वास्तूला नारळ वाढवला."

झोक्याच्या पुढे-मागे मोकळी जागा किती? वरची दांडी जितकी उंच, त्याच्या दुप्पट. चारी बाजूंना कमीत कमी सहा फूट. खाली लाकडाच्या ढलप्या, म्हणजे इथल्या भाषेत मल्च, नऊ इंच; पण सुरुवातीला घालायचा बारा, कारण कालांतराने पाव भाग दबतो. मल्चचा ट्रक आला आणि आमच्या ड्राइव्हवेवर डोंगर झाला. शेजारच्या अमेरिकन आजोबांनी कुंपणावरून विचारलं, एवढी फुलझाडं लावणार आहात का? काकांनी त्यांना कुंपण ओलांडून आत घेतलं आणि समजावलं. जाताना आजोबांच्या डेकवर लेव्हल ठेवून बघितली. आजोबांनी त्या दिवसापासून आमच्याशी फक्त हात हलवण्यापुरता संबंध ठेवलाय.

एका बारशाला काका पाळण्यापर्यंत पोचलेच नाहीत. यजमानांच्या मागच्या अंगणात जुना हिरवट लाकडी झोपाळा होता, तिथेच थांबले. घर घेताना तो सोबत मिळालेला. "2003 च्या आधीचा दिसतोय," काका प्रसन्नपणे म्हणाले, "तेव्हा लाकूड किडू नये म्हणून त्यात आर्सेनिक मुरवायचे. 2003 अखेरीला घरगुती वापरासाठी बंद केलं." आर्सेनिक म्हणजे सोमल. बाळाची आत्या पोराला घेऊन त्याच झोपाळ्यावर बसली होती. ती उठली ती थेट नळावर. बाळाचं नाव काय ठेवलं हे त्या गडबडीत निम्म्या लोकांना कळलंच नाही.

लेव्हल मात्र फक्त प्लेसेटपुरती राहिली असती तर मी हे लिहायला बसले नसते. काका ती गणपतीच्या चौरंगावर ठेवतात. वाढदिवसाच्या केकवर, मेणबत्त्यांच्या मधून, आडवी धरतात. उडप्याच्या हॉटेलात टेबलाच्या पायाखाली नॅपकिनची घडी घालून झाल्याशिवाय त्यांना सांबार उतरत नाही. आणि मंडळाचं नाटक! तिसऱ्या अंकात पडायला आलेला वाडा दाखवायचा म्हणून नेपथ्यवाल्याने दाराची चौकट मुद्दाम तिरकी बसवली होती. मध्यंतरात काका रंगमंचावर गेले. कुणाला वाटलं पडदा बघायला गेले असतील. पडदा उघडला. आजोबा झालेला नट थरथरत्या हाताने चौकटीकडे बोट दाखवून म्हणाला, "हा वाडा आता फार दिवसांचा सोबती नाही!" चौकट ओळंब्यात ताठ उभी. प्रेक्षकांतून पहिली टाळी काकांची.

त्यांच्याकडे एक गोष्ट आहे, ती ते हमखास कुणीतरी शिडीवर लटकलेलं असताना सांगतात. चार्ल्स हिंटन नावाचा इंग्रज गणिती जपानमध्ये शिकवायला होता. चौथी मिती माणसाला कळत नाही, कारण त्याला तिसरीच नीट कळलेली नसते, असं त्याचं मत. म्हणून त्याने घरच्या मुलांसाठी बांबूचा उभा-आडवा सांगाडा उभारला. तो आकडे ओरडणार, मुलांनी त्या त्या छेदावर चढून पोचायचं. पुढे त्याचा मुलगा सेबॅस्टियन शिकागोकडे पेटंटचा वकील झाला, लहानपणचा सांगाडा त्याला आठवला, 1920 मध्ये त्याने अर्ज केला आणि 1923 मध्ये 'जंगल जिम'चं पेटंट मिळालं. जगभरच्या बागांमधल्या त्या लोखंडी जाळ्या तिथून आल्या.

"आणि मुलं चौथ्या मितीत गेली का?" नवऱ्याने वरून विचारलं.

"छे. नुसती चढली आणि माकडासारखी लटकली." काका जरा गंभीर झाले. "बांबू होता ना. लेव्हल कसली मिळणार?"

बांधून झालं की सुटलो, असा तुमचा समज असेल तर तो नव्या मालकाचा समज आहे. लाकूड वाळतं, आकसतं, बोल्ट ढिले पडतात. दर एप्रिलला काकांचा फोन येतो: "पाना आहे ना घरी? मी येतो." मग प्रत्येक बोल्ट आवळणं, बाहेर आलेल्या टोकांवर टोप्या, कुसळं निघाली असतील तिथे पॉलिश पेपर, मग स्टेन. स्टेन म्हणजे पावसाचा अंदाज, आणि पावसाचा अंदाज म्हणजे चोवीस तास कुणीही झोक्याला हात लावायचा नाही. तुळईला लांब चीर दिसली म्हणून नवरा हादरला होता. काका म्हणाले, लाकूड श्वास घेतंय, घाबरू नकोस. शहाण्या माणसाने असं सांगितलं की बरं वाटतं, हे मला मान्य करावं लागतं.

भुंग्यांचं प्रकरण वेगळं. वसंतात ते येतात आणि कंपासने आखल्यासारखं अर्ध्या इंचाचं गोल भोक तुळईच्या खालच्या बाजूला पाडतात. कर्णाची मांडी पोखरणाऱ्याचे हे अमेरिकन भाऊबंद. पोखरते ती मादी. नर नुसता तोंडासमोर घोंघावत उभा राहतो, त्याला डंखच नसतो. काका हे सगळं शांतपणे समजावून सांगतात, बॅडमिंटनची रॅकेट फिरवत, आमच्या बॅकयार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत.

मुलांची मतं यात कुणी विचारली नव्हती. पहिल्या वर्षी धाकटा रोज शाळेतून येऊन विचारायचा, झालं का? नाही, अजून बुडबुडा मध्यावर नाही. मग मल्च. मग स्टेन. मग बर्फ. तो मनसोक्त झोका घेऊ लागला तोवर त्याचे पाय जमिनीला टेकायला लागले होते आणि साखळ्या वर घ्याव्या लागल्या. काकांच्या स्वतःच्या मुलाचं काय झालं असेल याची मला कल्पना करता येते. तो आता मिशिगनला कॉलेजात आहे. त्यांचा प्लेसेट त्यांनी गेल्या वर्षी देऊन टाकला. इथे अशा जाहिराती नेहमी असतात: फुकट, स्वतः खोलून न्या. मुलं मोठी होतात आणि देवदाराचा तो मनोरा रिकामा उभा राहतो. विकत घेताना लोक जेवढे दिवस विचार करतात तेवढा देताना करत नाहीत. काकांनी मात्र न्यायला आलेल्या जोडप्याला खोलू दिलं नाही. स्वतः खोलला, प्रत्येक तुकड्यावर खडूने मराठी आकडे घातले. त्या बिचाऱ्या कोरियन जोडप्याला ३ आणि ६ मधला फरक कळेना, म्हणून काका पुढचे दोन रविवार त्यांच्याकडे. काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या. "बसवून झाला की त्यांची पोरगी लगेच झोक्यावर बसली," त्या म्हणाल्या, "आमचे हे परत आल्यावर जेवले नाहीत."

या एप्रिलला ऊन होतं. काकांनी बाह्या वर केल्या आणि ड्रिल धरलं. डावा हात कोपरातून पूर्ण सरळ होत नाही, हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. धाकट्याच्या आलं.

"काका, युवर हँड इज नॉट लेव्हल."

मी डोळे मोठे केले. काका हसले. त्यांचं गाव कऱ्हाडजवळ. नागपंचमीला चिंचेला झोका बांधला होता, मोटेचा जुना नाडा घेऊन. मोट बंद पडून वर्षं झाली होती, नाडा पडवीत पडून कुजला होता. दोघे उभे राहून चढवत होते, हे मध्ये बसलेले. नाडा तुटला. खाली पाराचे दगड. गावातल्या हाडवैद्याने कोपर बसवला, "पण डोळ्याच्या अंदाजाने," काका म्हणाले, "हातात लेव्हल नव्हती त्याच्या." आणि स्वतःच्याच विनोदावर खूष होऊन बोल्ट आवळू लागले.

म्हणजे हे सगळं त्याच्यामुळे, असं मला वाटलं. नारळ, मल्च, भुंगे, आमचं इडलीपात्र, सगळ्याचा उलगडा झाला, आणि मी त्यांना मनातल्या मनात बरंच काही माफ करून टाकलं. म्हटलं, "तेव्हापासून झोक्याची धास्तीच बसली असेल, नाही?"

"धास्ती?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "वहिनी, तुटायच्या आधी तो गेला होता कुठे! सगळ्या घरांची कौलं खाली. नदी दिसली मला. गावात राहून तोवर कधी तिथून नदी दिसते हे माहीत नव्हतं."

धाकटा झोका थांबवून बघत होता. "हाऊ हाय, काका? यापेक्षा वर?"

काकांनी वरच्या दांडीकडे पाहिलं. मग आसनामागच्या चिकटपट्टीकडे, जिच्यावर वजनाची मर्यादा छापलेली असते. ती त्यांना पाठ आहे आणि त्यांचं स्वतःचं वजन तिच्या पलीकडे आहे.

"याच्या दुप्पट," ते म्हणाले. "तू नाही जायचं. साखळी घट्ट धर, उतर आता, मला तो हुक बघू दे."