भाऊंचा पेपर आहे

आमच्या गल्लीत एसटीतल्या भाऊंचं घर विचारलं, तर समोरून प्रश्न येतो, "शिकतात ते का?" भाऊ सत्तरीपार आहेत. कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण विद्यार्थी म्हणून निवृत्त व्हायचा त्यांचा विचार दिसत नाही. रस्त्यात भेटले की तब्येत वगैरे विचारायची नाही. "सध्या काय चाललंय?" एवढंच विचारायचं. भाऊ चष्मा वर सरकवतात आणि सांगतात, "दुसरं वर्ष."

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली नाशिकला निघालं. भाऊंचं मत निराळं आहे. साहेब कऱ्हाडचे, तेव्हा विद्यापीठही कऱ्हाडचंच; नाशिकला फक्त इमारती आहेत. त्यांचं शिक्षण दहावीवर थांबलं होतं. डेपोच्या कँटीनमध्ये कुणीतरी सांगितलं, की बारावी नसली तरी चालतं, अठरा पूर्ण हवीत आणि लिहिता-वाचता यायला हवं. पूर्वतयारीची परीक्षा दिली की बी.ए.ला प्रवेश. "मला वाटलं, थाप मारतोय," भाऊ सांगतात. मग बी.ए.ची पुस्तकं तिकिटांच्या पेटीत बसून कऱ्हाड-चिपळूण गाडीनं कुंभार्ली घाट चढू-उतरू लागली. कोयनानगरला गाडी चहाला थांबली, की ड्रायव्हर चहा घ्यायचा आणि भाऊ ग्रामीण समाजशास्त्र.

बी.ए. झालं. लोकांना वाटलं, हौस फिटली. पण भाऊ मग उद्यानविद्येत शिरले, आणि त्या वर्षी गल्लीतल्या एकाही जास्वंदीला मनासारखं वाढता आलं नाही. कुणाच्याही कुंपणावरून हात घालून भाऊ छाटणी करत. "प्रात्यक्षिक आहे," म्हणत. वृत्तपत्रविद्येच्या वर्षी ते शेजारच्यांचा पेपर लाल शाईनं तपासून परत देत. त्याच वर्षी त्यांनी आमच्या गणपती मंडळाचा अहवाल दोनदा परत पाठवला; मथळा बातमीतून निघत नव्हता म्हणे.

ग्रंथालयशास्त्र मात्र घरात शिरलं. ड्युई दशांश पद्धतीत खाद्यपदार्थांना 641 हा आकडा आहे, हे कळल्यावर भाऊंनी स्वयंपाकघरातल्या फळीवर 641 ची चिठ्ठी चिकटवली आणि डब्यांची वर्गवारी सुरू केली. जिरं, मोहरी, हिंग एका ओळीत, डाळी वेगळ्या, मेतकूट कुठं घालायचं यावर दोन दिवस विचार. सुनेनं विचारलं, "बाबा, हळद कुठाय?" तर भाऊ रंगनाथनांवर आले. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा. सून म्हणाली, "गॅसवर तेल तापलंय, बाबा." चिठ्ठी अजून तिथंच आहे. हळद पूर्वीच्या जागी परत आली.

गृहपाठ हा त्यांचा खरा सण. फुलस्केप कागद, डावीकडं पट्टीनं आखलेला समास, प्रश्न काळ्या शाईत, उत्तर निळ्या शाईत. त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर जेवण होत नाही. हल्ली पुस्तकं मोबाइलवरही मिळतात, पण भाऊंना पार्सलच लागतं. ते आलं की आधी वास घेतात, मग खाकी कव्हर घालतात आणि त्यानंतर पंधरा दिवस पुस्तक उघडत नाहीत. अभ्यासाला बसण्याची जागा प्रीतिसंगमावर, साहेबांच्या समाधीच्या अलीकडच्या बाकावर. समोर कृष्णा-कोयना मिळतात आणि इकडं भाऊ मुघलांची महसूलव्यवस्था पाठ करतात. भेळवाल्यालाही आता मनसबदारी थोडीफार येते.

कारण सध्या इग्नू चालू आहे, इतिहासात एम.ए. पेपर हिंदीतून. भाऊंच्या हिंदीतला दर तिसरा शब्द मराठी असतो, पण आत्मविश्वास अस्सल उत्तरेकडचा. तीन तासांचा पेपर त्यांनी एसटीच्या फेरीसारखा आखलेला असतो: कुठल्या प्रश्नावर किती मिनिटं थांबायचं, कुठला विनाथांबा, आणि शेवटी दहा मिनिटं हिशेबाला. अभ्यासकेंद्रातला मार्गदर्शक त्यांच्या मुलाहून लहान आहे. त्याला ते उभं राहून "सर" म्हणतात, आणि तो बिचारा त्यांना बसवण्यात निम्मा तास घालवतो.

नापासही होतात, नाही असं नाही. संशोधनपद्धतीनं त्यांना दोनदा परत पाठवलं. वहिनी म्हणाल्या, "आता बास की. कोण नोकरी देणाराय?" भाऊ म्हणाले, "नोकरी करून झाली गं. तेव्हा वेळ नव्हता म्हणून शिकायचं राहिलं." त्यांच्या बरोबरीचे दोस्त सकाळी कट्ट्यावर साखर, गुडघे आणि पेन्शनवर बोलतात. भाऊ त्यांच्यात फार टिकत नाहीत. "निघतो, पेपर आहे," म्हणतात. पेपर तीन महिन्यांनी असतो.

2022 साली यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली, तेव्हा भाऊंनी गल्लीत पेढे वाटले. वहिनींनी पेढा घेतला नाही.

इग्नूच्या परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. त्यामुळं घरातल्या कार्याची तारीख आधी भाऊंच्या वेळापत्रकाला दाखवावी लागते. नातीचं लग्न ठरलं, गुरुजींनी पंचांग उघडलं आणि डिसेंबरमधली एक तारीख काढली. भाऊंनी खिशातून कागद काढला. "त्या दिवशी दोन ते पाच पेपर आहे. सकाळचा मुहूर्त बघा." गुरुजींनी आधी वहिनींकडं, मग पंचांगाकडं पाहिलं आणि दहा वाजून काही मिनिटांचा मुहूर्त सापडला. पत्रिकेत आजोबांच्या नावापुढं पदव्या घालायच्या, हा नातीचाच हट्ट. छापखानेवाल्यानं मजकूर वाचून विचारलं, "या सगळ्या एकाच माणसाच्या?" मग टाइप बारीक केला, तरी दोन ओळी झाल्या. प्रूफ भाऊंनीच तपासलं. नातीच्या नावातली वेलांटी चुकलेली त्यांना दिसली नाही, पण स्वतःच्या पदव्यांच्या शेवटी त्यांनी लाल शाईनं कंसात घातलं: (एम.ए. भाग 2, चालू).